रथ कुठवर आला?

विजेच्या खात्यातल्या माणसाची आठवण लोकांना एरवी वीज गेली की होते. आमच्या कुंभकोणमात मात्र वर्षातून काही दिवस असे येतात की वीज जावी म्हणून लोक आमच्याकडे येतात. ते दिवस रथाचे. या गावात देवळं किती आणि रथ किती हे विचारू नका, मी सगळा जन्म इथं काढूनही मला सांगता येणार नाही. पण प्रत्येक रथाचा कळस रस्त्यापासून किती उंच जातो, हे मात्र झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन.

मी तंजावरकडचा मराठी. आमच्या घरी जी मराठी बोलतात ती ऐकून पुण्याची माझी सून पहिल्या वर्षी पदर तोंडाला लावून हसायची. हा लेख तिनंच तपासून तुमच्या मराठीत आणला आहे. माणसांची बोलणी तेवढी मी तिला हात लावू दिली नाहीत.

रथाच्या दिवशी आमचं काम काय, ते आधी सांगतो. देवळाभोवती चार रथवीथी असतात. रथ आपल्या जागेवरून निघतो, चारी रस्ते फिरतो आणि पुन्हा त्याच जागी येऊन उभा राहतो. त्या जागेला निलै म्हणतात. रथ तीन मजली घराएवढा, वर कापडी झालरी, बांबूचा सांगाडा, टोकाला कळस. रस्त्यावरून आडव्या जाणाऱ्या विजेच्या तारा आम्ही आदल्या दिवशीच उतरवतो. रस्त्याच्या कडेनं जाणाऱ्या तारा राहतात, त्यांतली वीज बंद करतो. ही बंद लाइन माझ्या नावावर घेतली जाते. त्याला आमच्याकडे लाइन क्लिअर म्हणतात. एकदा माझ्या नावावर घेतली की मी स्वतः परत केल्याशिवाय सबस्टेशनमधला माणूस ती चालू करणार नाही, मग मंत्री येऊन उभा राहिला तरी. बंद तारा एकमेकींना साखळीनं बांधून जमिनीशी जोडायच्या, म्हणजे चुकून कुठून वीज आलीच तर ती मातीत जाते. आणि मग मी रथाच्या पुढे चालायचं. पुढे म्हणजे उलटं. तोंड रथाकडे, मान वर, नजर कळस आणि तारा यांच्यामधल्या फटीवर. इतकी वर्षं मी रथापुढे चाललो, पण रथात बसलेला देव कधी पाहिला नाही. रात्री बायको मानेला तेल चोळताना विचारायची, "दर्शन झालें काय हो?" मी म्हणायचो, "कळसाचें झालें."

वीज बंद म्हटली की गिऱ्हाइकांच्या तऱ्हा सुरू होतात. एक मिठाईवाला दर वर्षी सकाळी येऊन म्हणायचा, "सार, सगळ्या गल्लीची बंद करा, माझ्या ग्राइंडरची तेवढी राहू द्या." जणू वीज म्हणजे पानाचं दुकान, मागेल त्याला वेगळी बांधून द्यायची. रेशमी साड्यांच्या एका दुकानदाराचं म्हणणं होतं की देव दुकानासमोरून जाताना पाटी अंधारात असणं बरं दिसत नाही. मी त्याला म्हटलं, देव भर दुपारी जातो. तर म्हणाला, तरीसुद्धा.

यावर हसता येतं. जनरेटरवर येत नाही. आमच्याकडच्या लोकांना एक वाईट खोड लागली आहे. वीज गेली की छोटा जनरेटर आणायचा, दोन्ही टोकांना पिना असलेली वायर घ्यायची, एक टोक जनरेटरला आणि दुसरं सरळ भिंतीतल्या प्लगला लावायचं. सगळं घर उजळतं, पंखे फिरतात, मंडळी खूश. पण घरातली वीज मीटरमधून उलटी बाहेर पडून खांबावर चढते, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. एका मंगल कार्यालयानं असंच केलं, तेव्हा माझा लाइनमन सेल्वम बंद म्हणून सांगितलेल्या तारेला हात लावून बसला होता. वाचला. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं मात्र तेव्हापासून सरळ होत नाहीत. त्या दिवसापासून जनरेटरचा आवाज कुठंही आला तरी मी आधी खांबावर कोण आहे ते बघतो.

आता ज्या रथाबद्दल सांगायचं आहे तो माझ्या नोकरीतला शेवटचा. देऊळ पेरुमाळाचं, म्हणजे विष्णूचं, महिना चित्तिरैचा, म्हणजे चैत्र-वैशाखाचा, ऊन असं की रस्त्यावर पाय ठरत नव्हता.

आदल्या दिवशी वसंती ऑफिसात आली. ही आमच्या मराठी मंडळींतलीच, आडुतुरैच्या शाळेत शिकवते. तिची आई रंगूबाई, फुप्फुसं गेलेली, घरी ऑक्सिजनचं यंत्र लावून असते. ते यंत्र विजेवर चालतं. घर पश्चिमेच्या रथवीथीत.

"अण्णा, वीज किती वेळ जाईल?"

"रथ तुमच्या रस्त्याचं वळण घेऊन पुढे गेला की तुमच्या रस्त्याची लाइन सगळ्यांच्या आधी देतो. सिलिंडर आहे ना?"

"आहे. तेवढा वेळ पुरेल. अम्माचं काय म्हणणें, पलंग पुढल्या खोलींत आणा. रथ पाहाचा आहे."

मी म्हटलं, आणा. नेहमी जेवढा वेळ लागतो, तेवढाच लागेल असं मी धरलं होतं आणि त्यात काही चूक नव्हती.

सकाळी रथ निघाला. दोराला शेकडो माणसं, पुढे नादस्वर आणि ढोल, आणि चाकांपाशी कलियपेरुमाळची माणसं. रथाला ना स्टिअरिंग ना ब्रेक. चाकापुढे कट्टै, म्हणजे लाकडी ठोकळे, टाकून त्याला वळवायचं आणि थांबवायचं. ठोकळा जरा आत गेला तर रथ डावीकडे, जरा बाहेर तर उजवीकडे. कलियपेरुमाळचे आजे-पणजे हेच करत आले. तो आणि मी, आम्हा दोघांनाच रथापुढे उभं राहायची परवानगी, म्हणून आमची जुनी मैत्री. तो म्हणायचा, "सार, खालचा रस्ता माझा, वरचं आभाळ तुमचं."

दक्षिण रस्ता संपेपर्यंत माझा फोन सारखा वाजत होता. रथाच्या कमिटीचे अध्यक्ष, म्हणजे एका दागिन्यांच्या पेढीचे मालक, देवळापाशी मांडवात बसून विचारत होते, "निलैला कधी लागणार?" सबस्टेशनवाला तेच विचारत होता. पोलीस तेच. घरून बायकोचा फोन आला, तोही, "कधीं सरणार?" सगळ्यांचं लक्ष शेवटाकडे. खोटं कशाला बोलू, माझंही. निलैला रथ लागला की फटाके वाजतात, मी फोनवर लाइन परत करतो आणि मगच माझ्या घशाखाली पाणी उतरतं. एकटी वसंती वेगळं विचारत होती.

"अण्णा, रथ कोठवर आला? अम्मा विचारते."

"वळणावर आहे."

थोड्या वेळानं पुन्हा, "अण्णा, रथ कोठवर आला?"

खरं सांगतो, मला राग आला. मान वर करून चालणाऱ्या माणसानं फोन तरी किती उचलावा?

पश्चिमेच्या रस्त्यात रथ शिरला आणि वसंतीच्या घरासमोर आला, तोच उजवीकडलं पुढचं चाक खचलं. रस्ता नळासाठी कुणीतरी खणला होता आणि वरवर बुजवला होता. चाक मोठं, लोखंडी. ते सावकाश, अगदी दमानं, मातीत बसलं. रथ कलला आणि वरच्या झालरी कडेच्या तारांना जाऊन टेकल्या. ढोल वाजतच राहिले, पण दोराशी असलेल्या माणसांनी माना वर केल्या.

तारा बंद होत्या म्हणून कुणाला काही झालं नाही. पण रथ सरळ करताना त्या झालरींत अडकून खांब ओढणार, हे दिसत होतं. मी सेल्वमला खांबावर चढवला. तेवढ्या भागातली तार दोन्हीकडून कापून मोकळी करायची आणि खाली सोडायची, असं ठरलं. कलियपेरुमाळनं चाकाखाली जॅक लावायला घेतला.

फोन. अध्यक्ष.

"मागून बुलडोझर लावा आणि ढकला! ऊन उतरायच्या आत निलैला लागला नाही तर गावात तोंड दाखवायला जागा नाही."

"तारा सुटल्याशिवाय रथ हलणार नाही, सार."

"तुम्हाला देवाचं काही आहे की नाही?"

"देव इथंच आहे, सार. त्याला घाई नाही." असं मी बोलून गेलो. एरवी माझं धाडस झालं नसतं.

फोन ठेवतो तो वसंतीचा. या वेळी तिनं रथाचं विचारलं नाही. "अण्णा, सिलिंडर सरत आला. काय करूं?"

तिचं घर समोर होतं. दार दिसत होतं. आणि मी जागा सोडू शकत नव्हतो. त्या रस्त्याची वीज द्यायचा तर प्रश्नच नव्हता. माझा माणूस तारेला हात लावून होता. मी तिला विचारलं, जनरेटर कुठं मिळेल का? ती म्हणाली, पापनाशमचा भाचा मांडवाचं काम करतो, तो मघाशीच टेम्पोत घालून निघालाय, मागच्या गल्लीनं येतोय.

"आला की मला सांग. मी येईपर्यंत चालू करू नका. काही झालं तरी करू नका. समजलं?"

"बेगी या, अण्णा."

आता गुंता काय झाला तो सांगतो. आमची साखळी रस्त्याच्या टोकाच्या खांबाला होती. मधली तार आम्हीच कापल्यावर सेल्वमच्या हातातला तुकडा त्या साखळीपासून सुटा झाला. दुसरी साखळी आणायला मी माणूस धाडला होता, तो गर्दीत कुठंतरी अडकला. आणि वसंतीच्या घरात जाणारी वायर नेमकी त्याच तुकड्यावरून निघत होती. म्हणजे त्या घरातल्या प्लगमध्ये कुणी जनरेटर लावला, तर वीज दुसरीकडे कुठं नाही, सरळ सेल्वमच्या हातात. त्या तुकड्यावरच्या सगळ्या घरांचं ओझं पडून जनरेटर बंद पडला असता, हे खरं, पण माणूस खांबावरून पडायला तेवढा वेळ लागत नाही.

मी सेल्वमला हाक मारली. ढोलांत ऐकू जाईना. हात हलवले. त्याची पाठ माझ्याकडे. आणि तेवढ्यात, ढोलांच्या दोन थापांच्या मधे, मला तो आवाज आला. घरामागून, बारीक, फटफट करत.

मी कलियपेरुमाळचा दंड धरला. "कट्टै घाल. मी येईपर्यंत रथ हलता कामा नये. कोण काय म्हणेल ते म्हणो."

त्यानं कारण विचारलं नाही. ठोकळे चारी चाकांना मारले आणि स्वतः चाकापुढे मांडी घालून बसला. "जा सार. तुम्ही येईपर्यंत देव इथंच."

आयुष्यात पहिल्यांदा मी चालू रथयात्रेत रथाकडे पाठ फिरवली आणि धावलो.

आमच्या गावची घरं तुम्हाला ठाऊक नसतील. पुढचं दार रथवीथीत, मागचं गल्लीत, आणि मधे खोलीमागून खोली, आगगाडीच्या डब्यांसारख्या. जनरेटर मागच्या परसात, रंगूबाईंचा पलंग पुढच्या खोलीत. यंत्राची वायर तिथवर पोचणं शक्य नव्हतं. पुढच्या खोलीत म्हातारी उशांना टेकून बसलेली, ओठ निळसर, छाती भात्यासारखी. वसंती सिलिंडरची चावी उगाचच फिरवत होती. मी तसाच आत पळालो. परसाच्या दाराशी भाचा उभा, हातात तीच दोन्हीकडे पिनांची वायर, एक टोक जनरेटरला लावलेलं आणि दुसरं भिंतीतल्या प्लगच्या तोंडाशी.

"थांब!" मी असा ओरडलो की वायर त्याच्या हातातून गळून पडली.

तो माझ्यावरच उसळला. "आजी मरायला लागलीय आणि थांब काय म्हणता?"

त्याचं काय चुकलं? त्याच्यापुढे आजी होती. खांबावरचा माणूस त्याला दिसत नव्हता, मला दिसत होता. समजावत बसायला वेळ कुणाला होता?

"मेन स्विच कुठं आहे?"

मधल्या खोलीत, मीटरच्या खाली. जुना, लोखंडी पेटीचा. तो खाली ओढला की घर बाहेरच्या तारांपासून तुटतं, मग आत खुशाल जनरेटर लावा. मी दांडा धरला आणि ओढला. हलेना. वर्षानुवर्षं कुणी हात लावला नव्हता, गंजून बसला होता. पुढच्या खोलीतून वसंतीची हाक आली, "अण्णा!" त्या हाकेत आता बोलणं राहिलं नव्हतं. भाच्यानं वायर पुन्हा उचलली होती. माझ्याकडे बघत होता. मी नुसता हात वर केला. दारामागे लाकडी अडसर होता तो घेतला आणि स्विचच्या दांड्यावर घातला. एकदा. दुसऱ्यांदा माझेच हात झिणझिणले. तिसऱ्यांदा दांडा खाडकन खाली आला.

तरी माझा जीव मानेना. पेटी उघडून चिनी मातीचे दोन्ही फ्यूज उपसले आणि शर्टाच्या खिशात घातले, म्हणजे घाईत कुणी स्विच वर केला तरी काही होणार नाही.

"लाव आता."

पुढच्या खोलीत यंत्रानं बारीक शीळ घातली आणि श्वास टाकायला लागलं. मी, वसंती आणि तो भाचा पलंगाभोवती उभे. तिघंही म्हातारीच्या ओठांकडे बघत होतो. कितीतरी वेळ त्यांचा रंग बदलेना. मग कडेनं किंचित बदलला. वसंती भिंतीला टेकून खाली बसली आणि मोठ्यानं रडली. मला सेल्वम बघायचा होता. उंबऱ्यावर आलो. तो खांबावर होता, वाकड्या बोटांनी तार खाली सोडत होता. त्याला कशाचा पत्ताच नव्हता. अजूनही मी त्याला नीटसं सांगितलेलं नाही.

आणि मग, त्या उंबऱ्यावरून, मी रथ पाहिला. कळस नव्हे. मधला मजला. फुलांच्या राशीत पेरुमाळ, घामेजलेला पुजारी त्याला वारा घालतोय, रथ कललेला असल्यामुळे देवाचं तोंड या घराकडे झुकलेलं. खाली चाकापुढे कलियपेरुमाळ मांडी घालून, त्याच्या डोक्यावर कमिटीची दोन माणसं ओरडतायत आणि तो पान लावतोय. मी किती वर्षं या दोघांच्या पुढून उलटा चाललो! मान खाली करून एकदा बघायचं सुचलं नाही. मला फार वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं. दोन्ही एकदमच.

मागून अगदी बारीक आवाज आला. "वेंकोबा, सरक बाळा. आड येतोस."

मी सरकलो. म्हातारी बघत होती. नाकात नळी, डोळे उघडे, हात जोडायला उचलत होती आणि ते अर्ध्यावर राहत होते.

पुढचं काही सांगण्यासारखं नाही. तारा उतरल्या, दुसरी साखळी आली, चाक वर आलं. रथ त्या दारासमोरून हलायला दुपार कलली. उत्तरेचा रस्ता आम्ही मुंगीच्या पावलानं काढला. निलैला लागला तेव्हा ऊन कधीच उतरलं होतं. फटाके वाजले, अध्यक्षांनी मला मिठी मारली, म्हणाले, "पोचलो बुवा! पोचलो हे महत्त्वाचं." मघाशी देवाचं काही आहे की नाही विचारत होते, ते विसरले. तारा पुन्हा जोडून झाल्या, मी फोनवर लाइन परत केली, रस्त्यामागून रस्ते उजळत गेले. माझं काम संपलं. पाण्याची बाटली तोंडाला लावायला मान वर केली आणि खिशात काहीतरी टोचलं.

फ्यूज. साऱ्या गावाला वीज आली होती, एक घर सोडून.

मी परत निघालो. निलैकडून उलटा, रथ आला होता त्याच रस्त्यानं, चाकांच्या खुणांवरून, तुडवलेल्या फुलांवरून. परसात जनरेटर अजून फटफटत होता. तो बंद करवला, फ्यूज बसवले, स्विच वर केला. पुढच्या खोलीत पंखा फिरायला लागला. वसंतीनं कॉफी आणली. सगळं ठीक होतं. रंगूबाई पडल्या होत्या, जाग्या.

"रथ कोठवर आला, बाळा?"

मला वाटलं, ऐकून त्यांना बरं वाटेल. दिवसभर सगळ्यांना तेच हवं होतं. मी वाकून मोठ्यानं सांगितलं, "निलैला लागला, अम्मा. पोचला."

त्यांचा चेहरा पडला. रिकाम्या दाराकडे बघत म्हणाल्या, "इतक्यांतच?"

त्यानंतर थोड्याच महिन्यांत मी निवृत्त झालो. ऑफिसात हार घातला, भाषणं झाली. नव्या साहेबांनी मोठ्या कौतुकानं सांगितलं की रावसारांचा, म्हणजे माझा, रथ सुखरूप निलैला लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सेल्वमनंही वाजवल्या, त्या वाकड्या बोटांनी. उत्तरादाखल दोन शब्द बोला म्हणाले. मी उभा राहिलो, माइक हातात घेतला, आणि माझ्या तोंडाशी तो एकच शब्द येऊन राहिला. तमिळ ऑफिसात आमची घरची मराठी कुणाला कळणार म्हणून गिळला. आज इथं म्हणतो.

इतक्यांतच?